मनगटावरची गाठ आणि दादीचा बिब्बा

फेब्रुवारीत दहावीच्या सराव परीक्षेला एक मुलगी उजव्या मनगटाला ओढणीची चिंधी बांधून आली. निम्मा पेपर झाला आणि तिने पेन खाली ठेवलं. चिंधी सोडून पाहिली तर मनगटाच्या वरच्या बाजूला पाणी भरलेले फोड, आजूबाजूची कातडी काळी पडलेली. "काय लावलंस?" तर म्हणाली, "मॅडम, गाठ होती. दादीने बिब्बा लावला."

गाठ दोन वर्षांपासून होती. आधी वाटाण्याएवढी, मग बोराएवढी. फारशी दुखत नव्हती. पण अम्मीला वाटत होतं की हा कॅन्सर असेल, आणि म्हणूनच ती डॉक्टरकडे जायला घाबरत होती. दादीची काळजी वेगळी. उद्या रिश्त्यासाठी पाहुणे येतील, पोरगी चहाचा ट्रे पुढे करील आणि पहिली नजर मनगटावर जाईल. दोघींची माया खरी, पण त्या दोन काळज्यांमध्ये पोरीचा हात भाजला.

त्या घराला मी नावं ठेवणार नाही. माझ्याच डाव्या मनगटावर तिशी ओलांडल्यावर अशी गाठ आली होती. कुणीतरी सांगितलं, रुपयाचं नाणं ठेवून घट्ट पट्टी बांध, दबून जाईल. बीएड झालेली मी, महिनाभर रात्री नाणं बांधून झोपले! सकाळी बोटं बधिर झालेली असायची, कातडीवर नाण्याचा गोल उमटायचा आणि गाठ जागच्या जागी. शाळेतल्या एका सहकाऱ्याने तर कपाटातून जाडजूड फिरोजुल्लुगात काढली आणि म्हणाले, "ठेवा हात टेबलावर." ते गंमत करत होते, पण ख्रिस्ती देशांत खरोखरच अशा गाठीवर घरातलं सर्वांत जाड पुस्तक, म्हणजे बहुधा बायबल, आपटायची पद्धत होती. इंग्रजीत या गाठीला त्यावरून "बायबल सिस्ट" असं नावही पडलं.

डॉक्टर हिला गँगलियन म्हणतात. हाताच्या आणि मनगटाच्या गाठींमध्ये हीच सर्वांत जास्त आढळते, साधारण वीस ते चाळीस वयात, आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक. हा कॅन्सर नाही आणि पुढे त्याचा कॅन्सर होतही नाही. हे वाक्य त्या अम्मीला मी तीनदा सांगितलं, तेव्हा तिने पदराने डोळे पुसले. दोन वर्षं ती हे ओझं कुणाला न सांगता उराशी घेऊन फिरत होती.

सांध्याभोवती आणि शिरांसारख्या दिसणाऱ्या दोऱ्यांभोवती एक आवरण असतं. त्याला एखाद्या ठिकाणी फुगा येतो. आत साबुदाण्याच्या घट्ट पेजेसारखा पारदर्शक चिकट द्रव भरतो. हा फुगा एका बारीक देठाने सांध्याला जोडलेला असतो. द्रव सांध्यातून फुग्यात सहज जातो, परत मात्र सहज येत नाही. म्हणून काम जास्त झालं की गाठ फुगते, हाताला आराम मिळाला की थोडी बसते. हाताला इतकी टणक लागते की "हाड वाढलंय" असंच वाटतं. भाकरी थापून किंवा कपडे पिळून गाठ येते असं आपल्याकडे म्हणतात. नक्की कारण सापडलेलं नाही. ज्या सुनेला गाठ आली तिला "काम करायला नको म्हणून" असे टोमणे मारू नयेत आणि कामानेच आली म्हणून सासूलाही दोष देऊ नये.

एकदा देठ समजला की घरगुती उपाय का फसतात ते समजतं. पुस्तक, वरवंटा काहीही आपटलं तर फुगा फुटतो, द्रव आसपास पसरतो, गाठ नाहीशी झाली असं वाटतं. देठ तसाच असतो. काही आठवड्यांत फुगा पुन्हा भरतो. मधल्या काळात मनगटाचं एखादं लहान हाड मोडलं तर तो हिशेब वेगळाच. बिब्ब्याचं तेल तर फुग्यापर्यंत पोचतही नाही. ते फक्त कातडी जाळतं, जखम चिघळते आणि डाग राहतो. सुई तापवून घरीच टोचणारेही मी पाहिले आहेत. सांध्याशी जोडलेल्या पिशवीत अशी सुई घातली तर जंतू थेट सांध्यात जाऊ शकतात.

आपल्या खेड्यापाड्यांत गाठीला तापलेल्या सळईने डागही देतात, आणि काही घरांत त्याला धर्माचा आधार असल्यासारखं बोलतात. सहीह बुखारीच्या हदीसमध्ये शिफा असलेल्या गोष्टींत मध आणि हिजामाबरोबर डागण्याचा उल्लेख आहे हे खरं, पण त्याच हदीसमध्ये प्रेषित (स.) यांनी आपल्या उम्मतीला डागण्यापासून रोखलं आहे. उल्लेख सांगणारे पुढचा भाग सांगत नाहीत. दम करून घ्या, दुआ मागा, त्याला कुणाची ना नाही. पण गाठीवर करकचून तावीज बांधलं तर ते माझ्या नाण्यासारखंच बोटं बधिर करील.

मग करायचं काय? एकदा डॉक्टरला दाखवायचं. बरेचदा हाताने चाचपून आणि अंधाऱ्या खोलीत गाठीला टॉर्च लावूनच निदान होतं. आत पारदर्शक द्रव असला की गाठ आतून उजळते. शंका असेल तर सोनोग्राफी करतात. गाठ दुखत नसेल, कामात आड येत नसेल तर काहीच न करणं हाही इलाज आहे, आणि तो मला सर्वांत जास्त आवडतो. साधारण निम्म्या गाठी कालांतराने आपोआप जिरतात. वेळ लागतो, कधी वर्षं लागतात. लहान मुलांच्या तर बऱ्याचदा जातातच. माझी चार-पाच वर्षांनी गेली. कोणत्या महिन्यात गेली तेही लक्षात आलं नाही, एक दिवस बांगडी घालताना जाणवलं की तिथे काही नाही.

दुखत असेल तर काही दिवस मनगटाचा पट्टा लावायला सांगतात. तो कायम वापरायचा नाही, हात कमजोर होतो. त्यानंतर सुईने द्रव काढणं. जागा बधिर करून दवाखान्यातच करतात, पाच-दहा मिनिटांचं काम. मात्र जवळपास निम्म्या किंवा त्याहून जास्त जणांची गाठ पुन्हा भरते, हे आधीच माहीत असावं, म्हणजे डॉक्टरांनी फसवलं असं वाटत नाही. शेवटचा मार्ग ऑपरेशन. त्यात फुग्याबरोबर देठही काढतात, म्हणून गाठ परत येण्याचं प्रमाण बरंच कमी होतं, पण शून्य होत नाही. बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. व्रण राहतो, काही दिवस मनगट आखडतं. म्हणून नुसतं दिसायला बरं दिसावं एवढ्यासाठी ऑपरेशनची घाई करू नये, असं माझं मत आहे. रिश्त्याच्या तारखेवर तर मुळीच नाही.

गाठ तळहाताच्या बाजूला, नाडी पाहतात तिथे असेल तर जास्त जपायचं. तिच्याखालून मोठी रक्तवाहिनी जाते. तिथे सुईसुद्धा जाणकार डॉक्टरनेच लावावी. आणि गाठ भराभर वाढत असेल, लाल-गरम झाली असेल, ताप येत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, हातातून वस्तू निसटत असेल, तर वाट पाहायची नाही. प्रत्येक गाठ गँगलियनच असते असंही नाही, म्हणून एकदा दाखवणं टाळू नये. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, तेव्हा "पैसे नाहीत" हे कारणही उरलेलं नाही.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बाई शेजारणीचं ऐकते, तर मग शेजारणीलाच नीट माहिती असू दे, हा विचार मला फार पटतो. बिब्ब्याचा सल्लाही त्या दादीला शेजारूनच आला होता.

ती मुलगी सिव्हिलला गेली. डॉक्टरांनी गाठीला हात लावला नाही, आधी भाजलेलं बरं होऊ दे म्हणाले. मलम, ड्रेसिंग, तीन आठवडे. मार्चमध्ये तिने पट्टी बांधूनच परीक्षा दिली. सुट्टीत गाठ आधीपेक्षा लहान झाली होती, सुई लावावी लागली नाही. डाग मात्र आहे. दादी त्यावर रोज खोबरेल लावते.

ऑपरेशन किंवा ड्रेसिंग झालेल्या भगिनी मला नेहमी दोन गोष्टी विचारतात. पहिली वुजूची. पट्टीला पाणी लावू नका असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर बाकीचा हात धुवायचा आणि पट्टीवरून ओला हात फिरवायचा, म्हणजे मसह करायचा. हनफी फिकहमध्ये ही मुभा स्पष्ट आहे. कोकणातल्या शाफई घरांत यासोबत तयम्मुमचा मसलाही येतो, त्यांनी आपल्या आलिमांकडून समजून घ्यावं. दुसरी सजद्याची. वरच्या बाजूची गाठ हात मागे वाकवून भार दिला की जास्त दुखते, म्हणजे नेमकी सजद्यातच. दुखणाऱ्या हातावर जोर न देता सजदा कसा करायचा ते आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना विचारा. लाज वाटत असेल तर शौहरला किंवा भावाला पाठवा.