नातवाचा गणित-प्रकल्प आणि आजीची गोळी

वाचकहो, अकरावी-बारावीतील नातवंड घरात असेल, तर त्याची चिंता आपल्या उशाशी येऊन बसते, हे मी आपणांस सांगावयास नको. आमचा नातू इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, म्हणजे ‘आयबी’ अभ्यासक्रमात शिकतो. तेथे प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतः निवडलेल्या विषयावर १२ ते २० पानांचा गणिती शोधनिबंध लिहावा लागतो. गणिताच्या अंतिम गुणांपैकी २० टक्के गुण त्याचे असतात. विषय मात्र ज्याचा त्यानेच शोधावयाचा, आणि त्यापायी मुलाची महिनाभर झोप उडाली होती.

प्रथम त्याने माझी रक्तदाबाची वही मागितली. नोंदींची सरासरी, दोन आलेख, एवढ्यावर काम संपले. ते गणित आठवी-नववीचे होते. मग लंबक उलट्या टोकाला गेला. हृदयाच्या ठोक्यांची विकल समीकरणे त्याने कुठूनशी उतरवून आणली. “यांतली पहिली ओळ मला समजावून सांग,” असे मी म्हणताच स्वारी गप्प झाली. जे स्वतःस उमगले नाही ते कितीही भारदस्त असले, तरी परीक्षकास तात्काळ कळते. गणित वर्गातील पातळीचे हवे आणि प्रत्येक पायरी त्याची स्वतःची हवी.

तोडगा निघाला तो माझ्या आगाऊपणातून. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी मला नुकतीच सुरू झाली होती. दहा दिवस झाले तरी अंगातील जडपणा जाईना, तेव्हा मी जेवताना जाहीर केले, “उद्यापासून दीड गोळी घेणार.”

“आजी, थांब,” नातू म्हणाला. “शरीरातलं औषध निम्मं व्हायला किती दिवस लागतात?”

थायरॉक्सिनला सुमारे ७ दिवस लागतात. म्हणजे आजच्या औषधाचा जवळजवळ ०.९०६ इतका भाग उद्या उरतो, आणि त्यात नव्या गोळीची भर पडते. ही झाली भूमितीय श्रेढी. तिची अनंत पदांची बेरीज त्याने काढली: ५० भागिले ०.०९४, म्हणजे सुमारे ५३०. रोजची गोळी साठत साठत या पातळीस पोचते आणि तेथे स्थिरावते. (गोळी पूर्णपणे शोषली जात नाही, हे खरे, परंतु त्याने प्रमाण बदलत नाही.) एका आठवड्यात ५० टक्के, दोन आठवड्यांत ७५ आणि पाच आठवड्यांत सुमारे ९७ टक्के पातळी गाठली जाते. दहाव्या दिवशी मी जेमतेम ६३ टक्क्यांवर होते!

एवढ्यावर निबंध थांबला असता तर तो सोपा ठरला असता. परंतु थायरॉइड मंद असलेल्या माणसात निम्मे होण्याचा काळ ९ ते १० दिवसांपर्यंत लांबतो. ९ दिवस धरले, तर माझे ६३ टक्के ५४ वर उतरतात आणि ९७ टक्क्यांस पोचावयास ४५ दिवस लागतात. डॉक्टर टीएसएचची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी का सांगतात, हे मला इतक्या वर्षांत कोणी इतके स्वच्छ समजावले नव्हते. एखादी गोळी चुकली तर काय, हा प्रश्नही त्याने घेतला. साठा सुमारे दहाव्या भागाने उतरतो; घाबरण्याजोगे काही नाही. उलट रोज दीड गोळी घेतली असती, तर स्थिर पातळी दीडपट झाली असती, पण ती कित्येक आठवड्यांनी; तोवर मी कदाचित आणखीही वाढवली असती. उतारवयात या औषधाचा अतिरेक हृदयाचे ठोके बिघडवतो आणि हाडे ठिसूळ करतो.

आपल्या घरी असा प्रसंग असेल, तर मुलास आपली औषधांची डबी जरूर दाखवा. मात्र प्रत्येक औषधाचा हिशेब निराळा असतो. पॅरासिटॅमॉल दोन-तीन तासांतच निम्मे होते; तेथे साठ्याची कथा फार लवकर संपते. आणि वहीतील आकडेमोड कितीही पटली, तरी मात्रा बदलण्याचा अधिकार डॉक्टरांचाच आहे.

माझी तपासणी अजून तीन आठवड्यांनी आहे. भिंतीवरील कालनिर्णयावर नातवाने त्या तारखेभोवती लाल वर्तुळ काढून ठेवले आहे. त्याच्या निबंधाचे शेवटचे पान त्या अहवालासाठी कोरे आहे.