जुने घर, नवा गिलावा आणि घरातील सह्या

त्रिपुरारी पौर्णिमा सरली की भीमाशंकरच्या डोंगरांवरून घोडनदीच्या खोऱ्यात उतरणारा वारा कोरडा होतो. पावसाळाभर फुगलेली दारे पुन्हा चौकटीत बसू लागतात, भिंतींची ओल ओसरते आणि घराचे खरे दुखणे उघडे पडते. कुठे गिलाव्याला पोकळी आलेली असते, कुठे तुळईचे टोक भुसभुशीत झालेले असते. घोडेगाव, मंचर, जुन्नर, ओतूर येथील जुन्या पेठांत डागडुजीची कामे निघतात ती याच दिवसांत. चातुर्मासात खोदकाम व तोडमोड टाळावी हा आपल्या घरांतील रिवाज. आणि पश्चिम आंबेगावच्या पावसात माती काय, चुना काय, काहीच धड वाळत नाही हा व्यवहार. येथे रिवाज आणि व्यवहार एकाच वाटेने चालत आले आहेत.

या स्तंभातून आपण आजवर ठेवी, विमा, नामनिर्देशन अशा विषयांचा विचार केला. आज घराच्या दुरुस्तीविषयी लिहावे असे वाटले, कारण या खर्चात पैसा, कायदा आणि माणसांची मने एकाच वेळी गुंतलेली असतात.

घोडेगावातील एका स्नेही कुटुंबाचे उदाहरण घेतो. पेठेतले घर, दर्शनी दोन खणांत किराणा दुकान, मागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि परसू, वर कौलारू माळा. सागवानी खांब दगडी तळखड्यांवर उभे, वर कडीपाट, भिंती दीड हात रुंदीच्या. वडील निवर्तले त्याला काही वर्षे झाली. थोरले चिरंजीव दुकान पाहतात, धाकटे पुण्यात मार्केट यार्डात व्यवसाय करतात, दोघी बहिणी आपापल्या सासरी आहेत. आई पंच्याऐंशीच्या पुढच्या. दृष्टी अगदी अधू, पण घरात कोणाच्याही आधाराविना वावरतात.

गेल्या पावसाळ्यात मागची भिंत झुकली. थोरल्या बंधूंनी ठरविले की सारे घर उतरवून तीन मजली पक्की इमारत बांधावी, खाली भाड्याने देण्यासाठी गाळे काढावेत. विचार चुकीचा म्हणता येणार नाही. बँकेत अर्ज गेला आणि तेथेच पहिली अडचण उभी राहिली. मिळकत अद्याप वडिलांच्याच नावावर होती. साहजिकच बँकेने सर्व वारसांच्या सह्या मागितल्या. त्या सह्यांसाठी कागद टपालाने श्रीरामपूरला थोरल्या बहिणीकडे गेला. भावाचा दूरध्वनी मात्र त्याआधी गेला नव्हता. बहिणीने सही केली नाही. "घर पाडणार हे मला छापील कागदावरून कळावे?" एवढेच त्यांनी विचारले.

कायद्याची बाजू येथे स्पष्ट समजून घ्यावी. हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत, असे बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा प्रकरणात निःसंदिग्ध केले. मिळकत वडिलांची स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल, तरीही पत्नी, मुलगे व मुली समान वारस ठरतात. म्हणून बहिणीची सही हा उपचार नव्हे. तो मालकाचा होकार आहे. तो होकार मागण्याची रीतही मालकाला शोभेल अशीच असावी.

दुसरी गोष्ट कागदांची. ग्रामपंचायतीच्या कर-आकारणी उताऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, अशी पुष्कळांची समजूत असते. तो उतारा कर कोणाकडून घ्यावयाचा हे सांगतो, मालकीचा निर्णय करीत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे ड्रोनद्वारे भूमापन करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. आपल्या गावची पत्रिका तयार झाली असल्यास ती पाहावी, क्षेत्र व नावे तपासावीत, वारसनोंद करून घ्यावी. गवंड्याला बोलावण्यापूर्वी हे काम व्हावे. भिंत उतरल्यावर जुनी हद्द दाखविणारी खूणच उरत नाही. शेजाऱ्याबरोबर सामाईक भिंत असेल, तर त्यांच्याशीही लेखी समजूत करून ठेवावी.

आता पैशाविषयी. थोरल्या बंधूंचा बेत असा होता की बँकेचे कर्ज मंजूर होईपर्यंत दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून रक्कम उचलावी. व्यापारी कुटुंबांत हा मोह फार जुना आहे, आणि बँकेच्या नोकरीत मी अनेक चालती दुकाने याच वाटेने थकलेली पाहिली. खेळते भांडवल मालात फिरते तेव्हा ते परत येते. भिंतीत गेलेला रुपया गल्ल्यात परतत नाही. उधारी वसूल होण्याआधी घाऊक व्यापाऱ्याचे बिल येऊन पडते, खात्याची मर्यादा संपलेली असते आणि चांगल्या पतीचा दुकानदार पंधरा दिवसांत अडचणीत येतो. घरासाठी घराचेच कर्ज काढावे, ते दीर्घ मुदतीचे असावे आणि त्याचा हप्ता दुकानाच्या साधारण महिन्याच्या नफ्यातून, तेजीच्या महिन्याच्या नव्हे, निघावा.

एक हिशेब मांडतो. दहा लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे १२,६७० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे ५ लाख २० हजार होते. तेच कर्ज पाच वर्षांत फेडावयाचे तर हप्ता सुमारे २०,७६० रुपये, व्याज मात्र सुमारे २ लाख ४५ हजार. माझा सल्ला असा की हप्ता दहा वर्षांचा बांधावा आणि हाती पैसा येईल तेव्हा मुद्दल आगाऊ फेडत जावे. करसवलतीच्या भरवशावर अंदाजपत्रक फुगवू नये. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वर्षाला ३०,००० रुपयांपुरतीच वजावट मिळते, नव्या करप्रणालीत तीही नाही. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, हा मात्र खरा दिलासा आहे. दुकानाच्या भागाचा खर्च व त्याची बिले आरंभापासून वेगळी ठेवावीत.

तिसरा प्रश्न थंडीचा. थंडीत बांधकाम चांगले होते ही समजूत अर्धीच खरी आहे. सिमेंट थंडीत सावकाश बळ धरते. स्लॅबखालचे टेकू किती दिवसांनी काढावेत याच्या भारतीय मानकातील मुदती हवेचे तापमान १५ अंशांखाली जात नाही, असे धरून दिलेल्या आहेत. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला त्या हिशेबाने सात दिवस लागतात. जुन्नर-आंबेगावच्या मार्गशीर्ष-पौषातील रात्री १५ अंशांच्या पुष्कळ खाली जातात. म्हणून गवंडी घाई करू लागला तरी टेकू अधिक दिवस राहू द्यावेत. शिवाय हवा कोरडी असल्याने वरचा थर लवकर सुकतो व गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस पाणी मारणे चुकवू नये.

दगड-मातीच्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा देणे टाळलेलेच बरे. अशी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बंद होते, ओल आत कोंडते आणि आतल्या आत माती सैल होते. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो. कळीचा चुना पाण्यात मुरवून त्यात गूळ, बेलफळ व हिरड्याचे पाणी घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. हिरडा हे तर भीमाशंकरच्या जंगलातील मोलाचे वनोपज. तो वेचून महादेव कोळी बांधवांच्या घरी चार पैसे येतात आणि तो खरेदी करणाऱ्या पेढ्या याच पेठांत होत्या. ज्या हिरड्यावर व्यापार चालला तोच भिंतींतही मुरलेला आहे. जाड भिंती दिवसाची ऊब धरून रात्री ती खोलीत सोडतात, हे थंडीत वृद्धांना विशेष जाणवते.

आणखी एक सूचना डोंगराच्या पायथ्याशी घर वा गोदाम असणाऱ्यांसाठी. ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. उरलेल्या कुटुंबांची घरे नव्या जागी उभी राहण्यास २०१७ साल उजाडले. परसू वाढविण्यासाठी मागचा उतार कापणे, पाण्याची नैसर्गिक वाट बुजविणे, ही कामे हिवाळ्यात निरुपद्रवी दिसतात. त्यांची परीक्षा आषाढात होते. आधी पाण्याची वाट मोकळी करावी, मग फरशीचा रंग निवडावा.

आता त्या कुटुंबाकडे वळू. थोरले बंधू कार्तिकातच स्वतः श्रीरामपूरला गेले. बहिणीकडे जेवले आणि जेवणानंतर नकाशा तिच्यापुढे ठेवला. पुढच्या रविवारी चौघे भावंडे घोडेगावी जमली. तीन मजल्यांचा विषय दीड तास चालला. अखेरीस धाकट्या बहिणीने आईला विचारले, "तुला काय हवे?" तोवर हा प्रश्न त्यांना कोणीच विचारला नव्हता. त्या म्हणाल्या, "बांधा की नवे. मला एवढेच हवे, रात्री उठले तर हाताला भिंत लागावी. या घरात मला दिसत नाही, पण सगळे ठाऊक आहे."

त्यावर फारसे बोलणे झाले नाही. सुताराने खांब ठोकून पाहिले. पुढचे दोन खण व माजघर धडधाकट निघाले. ते तसेच ठेवून फक्त मागचा भाग उतरवावयाचा, तळमजल्यावर माजघराला लागून न्हाणीघर व शौचालय करावयाचे, आणि माजघराच्या भिंतीच्याच रेषेत तेथपर्यंत लाकडी कठडा न्यावयाचा, असे ठरले. गाळ्यांचा विचार पुढे ढकलला. अंदाजपत्रक निम्म्याहून खाली आले, आणि कॅश क्रेडिटला हात लावण्याचे कारणच उरले नाही. काम पुढे-मागे असे दोन टप्प्यांत घेतल्याने आईंना एक रात्रही दुसरीकडे काढावी लागली नाही. बहिणींनी हक्क सोडले नाहीत, कोणी मागितलेही नाहीत. दुरुस्तीच्या कर्जाला मात्र पाचही जणांच्या सह्या झाल्या.

सुज्ञ वाचकहो, यंदा आपल्यापैकी कित्येकांच्या घरी परसदारी वाळूचा ढीग पडला असेल. गवंड्याशी दर ठरविण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात. मालक कोण कोण आहेत, हप्ता कोणत्या उत्पन्नातून जाणार, आणि या घरात दिवसाचे सर्वाधिक तास कोण घालविते. तिसऱ्या ओळीत ज्यांचे नाव येईल, त्यांना आधी विचारावे. बहुतेक घरांत ते नाव आईचे निघेल.