अजून एखादा सत्कार आहे का?

आमच्या रायपुरात हल्ली लोक तब्येतीआधी युनिट विचारतात. "किती आले?" म्हटलं की समजायचं, विजेचंच चाललंय.

मार्च 2019 पासून घरगुती ग्राहकाला 400 युनिटपर्यंत निम्मं बिल भरावं लागे. 2025 च्या ऑगस्टमध्ये ती मर्यादा 100 वर आली, ओरड झाली, मग डिसेंबरपासून 200. सोबत सल्ला, छतावर सौर पॅनल बसवा: तीन किलोवॉटला केंद्राचे 78 हजार, वर राज्याचे 30 हजार. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूनं कुणाचं छत गाठायचं, ते विचारू नये.

वीज कमी वापरा, हे मला मान्यच आहे. माझं आणि कूलरचं प्रेम जुनं आहे. नवतपातसुद्धा आमच्याकडे खसच्या ताट्यांवरच निभावतं. पण कोरब्याचा कोळसा काय फक्त माझ्या पंख्यासाठी जळतो? उरला-सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांना कुणी 'किती आले?' विचारतं का?

तर परवा एका सभागृहात पर्यावरणावर व्याख्यान होतं. बाहेर डांबर वितळत होतं, आत दातावर दात वाजत होते. नवा एसी 24 अंशांवरच सुरू व्हावा असा 2020 पासूनचा नियम, पण रिमोट हातात असलेल्या माणसापुढे नियम काय करणार! पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं. रीतीप्रमाणे शाल घडी करून खुर्चीच्या पाठीवर जाते. यांनी ती उलगडली, कानावरून घेतली, हनुवटीखाली गाठ मारली आणि तशाच अवतारात तापमानवाढीवर पाऊण तास बोलले. पहिल्या रांगेतल्या आज्या विषय सोडून शालीकडेच बघत होत्या. शेजारच्या मावशी माझ्या कानात म्हणाल्या, "अजून एखादा सत्कार आहे का गं? मी जाते."

शेवटी मी उठून संयोजकांना गाठलं. म्हटलं, "अहो, जरा कमी करा ना."

"भाड्यात धरलाय काकू," ते म्हणाले. "बंद केला तरी पैसे तेवढेच!"

इथे बिल अर्धं असो की पूर्ण, युनिट मोजणारं कुणी नव्हतंच. माझ्या घरी मी आहे, आणि जिन्यातला दिवा विझवायला अपरात्री उठणारे आमचे हे आहेत.

पुढच्या महिन्यात त्याच सभागृहात कार्यक्रम आहे. पत्रिकेत छापलंय, 'पर्यावरणाचा विचार करून शाल-श्रीफळाची प्रथा बंद करण्यात आली आहे.' मावशींनी स्वेटर धुवायला काढलाय.