मुलासोबत पहिला डबा

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी दडवलेला डबा अक्षांश-रेखांशांवरून शोधून काढण्याचा खेळ. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची उणीव काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनमध्ये पहिला डबा ठेवला. आज साधा मोबाइल आणि अॅप पुरतात. डब्याची अवघडता आणि वाटेची अवघडता अशा दोन्ही श्रेणी १ ते ५ असतात. मुलासाठी दोन्हींत एक-दीडच्या पुढे जाऊ नये, आणि नखाएवढ्या डबीपेक्षा जेवणाच्या डब्याएवढा डबा निवडावा, कारण मुलाला आतल्या वस्तूंचीच खरी ओढ असते. फोन काही मीटरपर्यंतच नेतो. तिथून पुढे तो खिशात टाकून मुलाला शोधू द्यावे: विनाकारण रचलेले दगड, झाडाची ढोली. कपारीत मात्र हात घालू नये, आधी काठीने चाचपावे. पुणे जिल्ह्यातल्या मावळात विंचू आणि फुरसे दोन्ही असतात. सापडल्यावर डब्यातल्या वहीत नाव-तारीख लिहावी, गोटी किंवा बिल्ला उचललाच तर तोलामोलाचे काही ठेवावे, खाऊ कधीच नाही, आणि डबा होता तिथेच परत दडवावा. मावळातल्या वराळे गावाच्या आसपास नकाशावर सोपा डबा दिसला नाही, तर घरच्या अंगणात पालकांनीच सरावाचा डबा ठेवून त्याचे अक्षांश-रेखांश मुलाच्या हाती द्यावेत. पावसाळ्यात इंद्रायणीकाठ टाळावा. लोहगड किंवा कार्ल्याच्या लेण्यांसारख्या संरक्षित वास्तूंत डबा ठेवू नये; जागामालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमिनीत पुरण्याची मनाई तर सगळीकडेच आहे.