राजीनाम्यापूर्वीची दीड वर्षे

शाळेच्या स्मरणिकेसाठी 'नोकरी सोडून स्वतःचा ऑनलाइन व्यवसाय' या विषयावर काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा आम्हां दोघांनाही संकोच वाटला. कथा सांगावी एवढे मोठे यश आमच्या पदरी नाही. आम्ही सोलापुरी चादरी, टॉवेल आणि सुती पंचे इंटरनेटवरून विकतो. पुण्याच्या एका उपनगरात भाड्याचा एक गाळा आहे. गोदाम, कार्यालय आणि पार्सल बांधण्याचे टेबल तेथे एकमेकांना सांभाळून राहतात. आम्ही दोघे याच शाळेचे, एकाच तुकडीचे. वसतिगृहात आमच्या पत्र्याच्या पेट्या शेजारी शेजारी असत. पुढे एक जण माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपनीत लागला, दुसरा खाजगी विमा कंपनीत. आज दोघेही नोकरीत नाहीत.

तरीही लिहावयाचे ठरविले, कारण शाळेचे माजी विद्यार्थी आम्हांला फोन करून एकच प्रश्न विचारतात : 'दादा, राजीनामा देऊ का?' विचारणारा बहुधा तिशीच्या आसपासचा असतो. वरिष्ठांच्या वागण्याने विटलेला असतो. मोबाईलवर कोणाच्या तरी यशाची चित्रफीत पाहून त्याने मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदाही तयार केलेला असतो. आमचे उत्तर बहुतेक वेळा 'आत्ता नको' असेच असते. स्वतः नोकरी सोडलेल्यांनी असे सांगावे याचा अनेकांना राग येतो. त्या रागाचे उत्तर म्हणून हा लेख वाचावा.

आपल्या समाजातील मुलाची नोकरी ही त्याच्या एकट्याची नसते. वडिलांनी दुसऱ्याच्या बांधावर काम केले, आईने धुणीभांडी केली, मुलाला वसतिगृहात ठेवले. त्यातून घरात जी पहिली पगाराची नोकरी आली, तिच्यावर किती जणांचा हक्क असतो हे वेगळे सांगावयास नको. धाकट्या भावाची फी, वडिलांचे मोतीबिंदूचे शस्त्रक्रिया-बिल, गावच्या घराचा स्लॅब, बहिणीच्या मुलाची वह्या-पुस्तके. दर महिन्याच्या एक तारखेला हे सारे हात त्या एका बँक खात्याकडे वळतात. अशा घरात मुलगा म्हणाला, 'मी कंपनी सोडतो', आणि आईच्या हातातील भाकर थबकली, तर तिला मागासलेली म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? तिच्याइतका जोखमीचा हिशेब व्यवस्थापनशास्त्र शिकलेल्या माणसालाही जमणार नाही. उभे आयुष्य तिने दुसरे काय केले आहे?

म्हणूनच 'नोकऱ्या मागणारे होऊ नका, देणारे व्हा' हे वाक्य आजकाल प्रत्येक मेळाव्यात ऐकू येते तेव्हा आम्ही टाळ्या वाजवीत नाही. वाक्य चुकीचे नाही. परंतु ते बोलणारे वक्ते पुष्कळदा निवृत्तिवेतन घेणारे असतात, आणि ऐकणाऱ्या मुलाच्या पाठीशी काहीही नसते.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पालकांच्या मनात 'नोकरी' म्हटले की अजूनही रेल्वे, टपाल खाते, जिल्हा परिषद उभी राहते. खाजगी कंपनीची नोकरी ही त्या जातीची नाही. तेथे आरक्षण नाही, निवृत्तिवेतनाची तशी हमी नाही, आणि पंचेचाळिशीच्या माणसाला एखाद्या शुक्रवारी दुपारी बोलावून लॅपटॉप जमा करावयास सांगितला जाऊ शकतो. आमच्यापैकी एकाने शेजारच्या टेबलावरील माणसाच्या बाबतीत हे घडताना पाहिले. त्या रात्री प्रथमच आम्ही दोघांनी वही उघडून हिशेब मांडला. नोकरी सोडण्याचा विचार आमच्या मनात आला तो धाडसातून नव्हे, या भीतीतून. भीतीतून आलेला विचार मनुष्य निदान तपासून तरी पाहतो.

येथे बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रसंग आठवतो. तो आपल्या भाषणांतून फारसा येत नाही. बडोद्यातील अपमानानंतर मुंबईस परतल्यावर 1917-18 च्या सुमारास त्यांनी शेअर आणि रोखे यांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला मनुष्य. या कामास त्याहून योग्य कोण असणार? पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि व्यवसाय बंद पडला. पुढे नोव्हेंबर 1918 मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्या नोकरीत असताना त्यांनी काटकसरीने शिल्लक टाकली, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, आणि मग 1920 मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ती नोकरी सोडून लंडनला गेले. म्हणजे नोकरी सोडणे त्यांनाही चुकले नाही. परंतु शिल्लक, आधार आणि मित्राचे कर्ज अशा तीन गोष्टी त्यांनी आधी जमविल्या होत्या. आम्ही तरुणांना जे सांगतो ते याहून वेगळे नाही.

पहिल्या प्रसंगासंबंधी कोणी म्हणेल, आता काळ बदलला, इंटरनेटवर गिऱ्हाईक जात विचारीत नाही. हे खरे आहे, आणि ऑनलाइन व्यवसायाकडे आम्ही वळलो त्याचे हे एक कारण होते. कोइमतूरच्या गृहिणीला चादर हवी असते. तिला रंग, माप, किंमत आणि आधीच्या गिऱ्हाइकांनी दिलेले तारे दिसतात. आमचे आडनाव तिच्या लेखी नसते. पण ही झाली विकण्याची बाजू. माल आणावयाचा कोठून? तेथे इंटरनेट नाही, तेथे माणसे आहेत. घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर बसल्यावर पहिला प्रश्न 'किती नग?' असा नसतो, 'पाहुणे कुठले?' असा असतो, आणि दुसरा आडनावाचा. एका ठिकाणी आमच्या आधी बसलेल्या, आमच्याइतक्याच नवख्या मुलाला 45 दिवसांच्या उधारीवर माल मिळाला. आम्हांला सांगण्यात आले, 'नव्यांना रोखीनेच देतो.' कोणी अपशब्द वापरला नाही. चहासुद्धा दिला. मात्र पंचेचाळीस दिवसांची उधारी म्हणजे पंचेचाळीस दिवसांचे बिनव्याजी भांडवल, हे ज्याने धंदा केला त्याला कळते. पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात असलेल्या घरातील मुलाला हे भांडवल मामाच्या एका फोनवर मिळते. आमच्या मामांचा फोन त्या पेढीवर कोण उचलणार? आमच्या मते आपल्या मुलांची खरी अडचण हुशारीची नाही, धाडसाचीही नाही. ती या उधारीची आहे.

आता आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो. दोघांनी एकदम नोकरी सोडली नाही. विमा कंपनीतील मित्राने आधी सोडली. दुसऱ्याने दीड वर्ष नोकरी चालू ठेवली आणि त्या पगारातील ठरलेला भाग पहिल्याच्या घरी जात राहिला. हे आम्ही कागदावर लिहून, दोघांच्या पत्नींना समोर बसवून ठरविले. आमच्या मैत्रीचे अनेकांनी कौतुक केले. मैत्रीपेक्षा तो कागद अधिक उपयोगी पडला. राजीनाम्यापूर्वी, पगारपत्रक हातात असतानाच, घराचे कर्ज मंजूर करून घेतले. धंदा करणाऱ्याकडे बँक मागील वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे मागते, आणि पहिल्या वर्षी ती असणार कोठून? कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. म्हणून आई-वडिलांसह स्वतंत्र विमा आधीच उतरविला, कारण पूर्वीच्या आजारांसाठी प्रतीक्षेचा काळ असतो आणि तो नोकरीत असतानाच सरू लागलेला बरा. भविष्य निर्वाह निधीला हात लावला नाही. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात, चौथा संकटकाळासाठी राखून. लहानपणी संध्याकाळच्या वंदनेनंतर ऐकलेली ती विभागणी इतकी व्यवहाराची आहे, हे आम्हांला चाळिशीजवळ कळले. भविष्य निर्वाह निधी हा आमचा चौथा भाग.

एवढे करूनही पहिले वर्ष तोट्यात गेले, आणि तेही ज्याची कल्पना नव्हती अशा गोष्टींमुळे. कुरिअर कंपनी वजन काट्यावर करते असे आम्ही समजत होतो. ती खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजते, त्यांचा गुणाकार करून 5000 ने भागते आणि दोहोंपैकी जे अधिक भरेल त्याचे पैसे घेते. आमचे दोन चादरींचे पार्सल काट्यावर अडीच किलोचे होते. 40 बाय 35 बाय 12 च्या खोक्यात ते 3.36 किलोचे झाले. हवा विकून श्रीमंत झाल्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या. आम्ही हवा वाहून नेण्याचे भाडे भरीत होतो. घडीची पद्धत बदलली, खोक्याऐवजी जाड पिशवी आणली, तेव्हा कोठे हा गळका घडा थांबला. घरी माल आल्यावर रोख पैसे देण्याची सवलत ठेवली, तर काही गिऱ्हाइके दार उघडीत नाहीत. पार्सल परत येते आणि जाण्याचे व येण्याचे असे दोन्ही भाडे आपल्या माथी बसते. ऑनलाइन बाजारपेठेतून परराज्यात माल विकावयाचा तर उलाढाल कितीही लहान असो, वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते. विवरणपत्र एक दिवस उशिरा गेले तरी दंड. विकलेल्या मालाचे पैसे लगेच हाती पडत नाहीत, आणि माल मात्र आम्ही रोखीने घेतलेला. पुन्हा उधारीपाशीच येऊन थांबलो.

सरकारी योजना आहेत. 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील शिशु गटाचे कर्ज पन्नास हजारांपर्यंत. 2016 च्या स्टँड-अप इंडिया योजनेचे कर्ज किमान दहा लाखांचे असे. तरुणांनी अशा योजनांचा अभ्यास अवश्य करावा. आम्हांला हवे होते ते दोन लाख, तेही दीड महिन्यापुरते, आणि पुनःपुन्हा. मुद्रेच्या किशोर गटात ती रक्कम बसत होती. पण आमच्या शाखेने जुनी उलाढाल मागितली, आणि धंदा तर नवा.

शेवटी ते पैसे आले आपल्यातूनच. वसतिगृहात आमच्या पुढे दोन वर्षे असलेले, आता सरकारी सेवेत असलेले एक ज्येष्ठ स्नेही आहेत. त्यांनी दोन लाख दिले. देताना वचनचिठ्ठी लिहून घेतली, परतीची तारीख घातली आणि बँकेच्या ठेवीइतके व्याज ठरविले. आम्ही तारखेला परत केले. त्यांनी पुन्हा दिले. असे सात वेळा झाले. त्यानंतर सोलापूरच्या एका कारखानदाराने, आमचे रोखीचे व्यवहार पाहून, वीस दिवसांची उधारी आपणहून देऊ केली. दुसऱ्या मित्राने राजीनामा दिला तो त्याच महिन्यात.

आता समाजबांधवांस थोडे स्पष्ट बोलतो; राग मानू नये. आपली माणसे आपल्या मुलाच्या दुकानात येतात तेव्हा 'आपलाच आहे' म्हणून सवलत मागतात. इतर दुकानात छापील किंमत मुकाट्याने मोजतात. विहारातील एका कार्यक्रमासाठी आमच्याकडून पन्नास पंचे नेले गेले. त्याचे पैसे दोन धम्मचक्र प्रवर्तन दिन उलटले तरी आले नाहीत, आणि मागण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. दानाला आमची ना नाही. दान द्यावयाचे तेव्हा आम्ही देतो व ते वहीत दान म्हणूनच लिहितो. पण उधारीचे रूपांतर परस्पर दानात होऊ लागले तर दुसऱ्या वर्षी दुकानही राहत नाही आणि दानही. तसेच, धंदा बसलेल्या मुलाला आपल्याकडे 'चांगली नोकरी होती, घालवली' असे लग्नाच्या मांडवात ऐकविले जाते. व्यापारी समाजात एक दुकान बुडालेला माणूस दुसरे काढतो, आणि त्याचे नातलग पुन्हा गल्ल्यावर फूल वाहावयास येतात. आपल्या मुलाला बुडण्याची एकही संधी आपण देत नाही, आणि तरीही त्याने उद्योजक व्हावे अशी अपेक्षा ठेवतो.

माजी विद्यार्थी संघाकडे आमची एक सूचना आहे. दरवर्षी स्नेहसंमेलनात सत्कारासाठी शाली आणि स्मृतिचिन्हे घेतली जातात. एका वर्षी ती थांबवावीत आणि त्या पैशाचा एक लहान फिरता निधी करावा : वचनचिठ्ठीवर, तारीख घालून, व्याजासह, पंचेचाळीस दिवसांसाठी. ज्याने तारीख चुकविली त्याला पुन्हा नाही, मग तो कोणाचाही पुतण्या असो. शाली आम्हीच पुरवितो, त्यामुळे या सूचनेत आमचे नुकसान आहे हे संपादकांनी ध्यानात घ्यावे.

आमच्यापैकी एकाची आई गावी असते. मुलगा काय करतो असे कोणी विचारले की ती अजूनही 'कंपनीत आहे' असेच सांगते. गेल्या खेपेस आम्ही दोघे गावी गेलो तेव्हा शेजारची बाई एक सोलापुरी चादर पाहून भाव विचारू लागली. आईने आमच्याकडे न पाहता छापील किंमत सांगितली. बाई म्हणाली, 'घरचंच माणूस आहे की, कमी कर.' त्यावर आई म्हणाली, 'कंपनीचा माल आहे बाई, मला नाही कमी करता येत.'