खुळखुळा वाजला, मूल वळले का?

सुट्टी लागली की मुलांच्या हाती मोबाइल जातो. वाद्यांचे सामान मात्र घरातच पडून असते. रिकाम्या बाटलीत मूठभर मूग घातले की खुळखुळा तयार. बुटांच्या खोक्यावर रबर बँड ताणून बसवले की तंतुवाद्य. ताण वाढवला की सूर चढतो. काचेच्या पेल्यांत कमी-जास्त पाणी भरून चमच्याने हलकेच वाजवले की जलतरंग. पेल्यात पाणी वाढले की सूर उतरतो. मात्र बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली, तर पाणी वाढल्यावर सूर चढतो. पेला पाण्याने जड होऊन सावकाश थरथरतो. बाटलीत थरथरते ती हवा, आणि ती कमी उरलेली असते. हा फरक मुलांनाच शोधू द्यावा.

धाकट्या भावंडांसाठी काळजी हवी. मूग, शेंगदाणा, मणी श्वासनलिकेत अडकू शकतात. म्हणून झाकण पक्के चिकटवावे आणि तीन वर्षांखालील मुलाला एकटे सोडू नये. फुग्याचे रबर डब्यावर ताणून ढोलके करू नये. फाटलेला तुकडा घशात बसतो. खेळताना अचानक ठसका लागला आणि नंतर श्वासात शिट्टीसारखा आवाज येत राहिला, तर ठसका थांबला तरी रुग्णालय गाठावे.

या खुळखुळ्याचा आणखी एक उपयोग आहे. सहा महिन्यांचे मूल आवाजाच्या दिशेने वळते. आपले मूल वळत नाही, असे घरच्यांच्या लक्षात येते; पण ‘याचा मामाही उशिराच बोलला’ म्हणून वर्ष-दोन वर्षे निघून जातात. भाषा शिकण्याचा तोच काळ असतो. उलट, मूल वळले म्हणून निर्धास्तही राहू नये. ते हाताची हालचाल पाहून वळलेले असू शकते, किंवा त्याला भांड्याचा खणखणाट ऐकू येतो, पण बोलणे नीट ऐकू येत नाही. शंका आली की यंत्राने तपासणी करून घ्यावी. ती तान्ह्या बाळाचीही होते आणि दुखत नाही.

पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, हा जगभर मान्य झालेला क्रम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. तरीही बाळ-बाळंतीण घरी जाण्यापूर्वी कानांची तपासणी प्रत्येक ठिकाणी होत नाही. लस टोचल्याशिवाय बाळाला घरी सोडत नाहीत, तसाच नेम कानांसाठीही हवा. घरच्या वाद्यांचे सूर प्रत्येक मुलापर्यंत पोहोचावेत, यासाठी एवढे व्हायलाच हवे.