नुसत्या यादीने मांडवी वाचणार नाही

रत्नागिरीत वारसा म्हटला की बोट आपोआप थिबा राजवाड्याकडे वळतं. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, 1910 मध्ये हा वाडा बांधून झाला आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. दुसरं बोट टिळक आळीतल्या लोकमान्यांच्या जन्मघराकडे. दोन्ही वास्तू राज्याचा पुरातत्त्व विभाग सांभाळतो. मग याच शहरातल्या मांडवीकरांनी आपल्या किनाऱ्यालगतच्या वस्तीसाठी वारसा-क्षेत्राचं संरक्षण कुठल्या तोंडाने मागायचं? तिथे ना राजवाडा, ना लोकमान्यांचं घर!

संरक्षणाची गरज मांडवीला नेमकी याचमुळे आहे. राजवाडा एकटा टिकू शकतो. मांडवी कुठल्याच एका वास्तूत सापडत नाही. ती जेटीत आहे, काळ्या वाळूच्या किनाऱ्यात आहे, जांभ्याच्या चिऱ्यांच्या आणि कौलारू छपरांच्या घरांत आहे, गडग्यांमधून उतरणाऱ्या पाखाड्यांत आहे. एकेक सुटं काढून दाखवलंत तर पुरातत्त्व खातं हसेल. पण 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा फक्त वास्तूंपुरता बोलत नाही. विकास आराखड्यात वारसा-क्षेत्रांच्या जतनाची तरतूद करता येते, असं तो सांगतो. म्हणजे अख्खी वस्ती मागायला कायद्याची आडकाठी नाही.

दुसरा आक्षेप ओटीवर बसून घेतला जातो: ‘एकदा का वारसा यादीत नाव गेलं, की घरात खिळा ठोकायलाही परवानगी!’ हे निखालस खोटं. मुंबईत 1995 मध्ये वारसा नियमावली आली, तिने वास्तूंच्या तीन श्रेणी पाडल्या. पहिल्या श्रेणीला कडक बंधनं आहेत. तिसरीत आतले-बाहेरचे फेरफार, वापरातला बदल, प्रसंगी पुनर्बांधणीही बसते. साध्या घरांच्या वस्त्या बहुधा याच श्रेणीत येतात.

इथे विरोधक हुशार असेल तर गिरगावातल्या खोताच्या वाडीचं नाव काढील, आणि ते काढायलाच हवं. वाडी यादीत आहे. तरीही एके काळी पासष्टच्या आसपास असलेल्या तिथल्या जुन्या घरांपैकी निम्मीही आज उरलेली नाहीत. यादीचा उपयोग काय झाला? प्रश्न रास्त आहे. पण मग दोन्ही आक्षेप एका तोंडाने घेता येणार नाहीत. यादी एकाच वेळी गळफास आणि कागदी वाघ कशी असेल? खोताच्या वाडीला नियमाचा जाच नडला नाही, ढिलाई नडली. घर राखणाऱ्याच्या हाती काही पडत नव्हतं आणि पाडणाऱ्याला घबाड मिळत होतं.

‘हे श्रीमंतांचे चोचले’ या टोमण्यात मात्र तथ्य आहे. मुंबईतल्या ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या भागाला 2018 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यामागे रहिवाशांच्या संघटनांची वर्षानुवर्षांची खटपट होती. ती माणसं जाणती, पैसेवाली, वास्तुविशारद हाताशी असलेली. मांडवीतल्या घरमालकाची गोष्ट वेगळी. उताऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची रांग, त्यातले निम्मे मुंबईत, आणि दर पावसाळ्याआधी कौलं परतायचा खर्च गावात राहिलेल्या एकट्याच्या माथी. त्याने बिल्डरला होकार दिला तर त्याला बेजबाबदार म्हणायचा अधिकार मला तरी नाही.

म्हणून मागणीच नीट लिहिली पाहिजे. वारसा जपणाऱ्याला मुंबईत हस्तांतरणीय विकास हक्क मिळतो आणि तो विकता येतो, कारण तिथे चटईक्षेत्राची भूक अफाट आहे. रत्नागिरीत त्या हक्काला गिऱ्हाईक किती मिळणार? त्यावर विसंबून राहणं म्हणजे घरमालकाच्या हाती नुसतं प्रमाणपत्र ठेवणं. इथे रोख भाषाच हवी: यादीतल्या घराला घरपट्टीत सूट, कौलं-वाशांच्या दुरुस्तीसाठी नगरपरिषदेचा ठरावीक निधी, आणि पाखाडी सिमेंटने बुजवण्याआधी रहिवाशांची संमती. उंचीची मर्यादा सर्वांना सारखी. ‘आमच्याच प्लॉटला सवलत’ ही पळवाट पहिल्याच कलमात बंद.

अर्ज द्यायची वेळही ठरलेली आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना मागवतात, आणि तेव्हा बहुतेक लोक आपापल्या जागेवरचं आरक्षण उठवण्यापुरतेच अर्ज करतात. त्या गठ्ठ्यात मांडवीच्या घरमालकांच्या सह्यांचा एक एकत्रित अर्ज गेला पाहिजे, मुंबईतल्या चुलत्यांच्या सह्यांसकट.